वाड्यातली गणेशपट्टी, हस्त आणि जुना देव्हारा: दिवे करायचे तर कसे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सदाशिव पेठेतला वाडा पाडून तिथे इमारत होते आहे. वाटणीत तुमच्याकडे चौकटीवरची, गणपती कोरलेली गणेशपट्टी, ओसरीच्या खांबांवरचे, तुळईला आधार देणारे दोन कोरीव हस्त आणि शिखर मोडलेला सागवानी देव्हारा आला. शिवाय वसईच्या शेजाऱ्यांनी आठवण म्हणून दिलेली, चर्चच्या वेदीवरची म्हणून सांगितलेली सोनेरी लाकडी मेणबत्तीदाणी आहे. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये या सगळ्यांचे दिवे करायचे आहेत. इंटिरियरवाले म्हणतात मधून ड्रिल मारून वायर नेऊ. सुतार म्हणतो कॉस्टिक सोड्यात बुडवून चकचकीत पॉलिश मारू. सासूबाई म्हणतात, देवाच्या वस्तूंचे लॅम्प करायचे नाहीत.

मी जुन्या कोरीव लाकडाची डागडुजी आणि त्यावरची प्रकाशयोजना हेच काम बरीच वर्षं करतो आहे. माझं उत्तर आधीच सांगतो: ड्रिल नको, कॉस्टिक तर अजिबात नको, आणि सासूबाईंचं म्हणणं निम्म्याहून जास्त बरोबर आहे. तुम्ही जे काही बसवाल ते उद्या कुणाला काढावंसं वाटलं, तर लाकूड आज आहे तसंच हाती आलं पाहिजे. ही एक अट पाळली की बाकीचे बहुतेक निर्णय आपोआप सुटतात.

सासूबाईंच्या मुद्द्यापासून सुरुवात करू, कारण घरात तो सुटला नाही तर सुंदर दिवासुद्धा सहा महिन्यांत माळ्यावर जातो. तुमच्याकडच्या चारही वस्तू एका मापाने मोजू नका. हस्त हा इमारतीचा भाग. त्यावर पोपट असो, घोडा असो की केळफूल, त्याचं काम तुळईचा भार खांबावर उतरवायचं. त्याचा दिवा करायला कुणाची हरकत असू नये. गणेशपट्टीची प्राणप्रतिष्ठा झालेली नसते, पण दसऱ्याला तिला हळदकुंकू लागतं, तोरण चढतं, घराबाहेर पडताना लोक तिला हात जोडतात. म्हणून तिचा टेबललॅम्पचा पाया करणं, ती पलंगाच्या पायथ्याशी किंवा बारच्या काउंटरवर लावणं मला पटत नाही, आणि असं काम आलं तर मी ते घेत नाही. ती दारावरच राहू द्या आणि तिच्यावर प्रकाश टाका. देव्हारा म्हणजे तर देवाचं घर. त्यातले देव नव्या देव्हाऱ्यात गेले असतील तरी जुन्याचा रीतसर निरोप झाला आहे का, हे तुमच्या गुरुजींना विचारा. ते सांगतील ते उरका आणि मगच माझ्यासारख्याला बोलवा. मेणबत्तीदाणी वेदीवर वापरलेली असेल तर वसईच्या त्या कुटुंबामार्फत तिथल्या फादरांच्या कानावर घालणं हे साध्या शिष्टाचारातच बसतं.

कायद्याचं एक वाक्य इथेच. पुरावस्तू आणि कलासंपदा कायदा १९७२ चा आहे आणि तो १९७६ पासून लागू आहे. शंभर वर्षांहून जुनं कोरीव काम त्यात येऊ शकतं. अशी वस्तू परदेशी नेता येत नाही, तिच्या विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो आणि काही प्रकारच्या वस्तूंची नोंदणी सक्तीची आहे. तेव्हा एक हस्त अमेरिकेतल्या भावाला पाठवायचा विचार असेल तर तो सोडा. नोंदणीबाबत पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याला फोटो दाखवून विचारा आणि वाटणीच्या कागदावर या वस्तूंचा उल्लेख करून ठेवा. जुन्या बाजारातून किंवा डीलरकडून आणखी काही घेणार असाल तर बिल आणि वस्तू कुठून आली हे लेखी मागा. देवळांतून चोरलेलं कोरीव काम बाजारात फिरतं, आणि ते आपल्या दिवाणखान्यात नको.

आता लाकूड. आधी ते वाचायला शिका. रात्री खोलीतले दिवे घालवा आणि साधी टॉर्च पट्टीच्या पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून बाजूने धरा. समोरून पाहताना न दिसणाऱ्या गोष्टी लगेच उठून येतात: पटाशीचे लहान लहान घाव, सोंडेच्या वळणावर कारागिराने हात फिरवला ती दिशा, जुनी भेग, नंतर कुणी भरलेलं पुट्टीचं ठिगळ. मग पट्टी उलटी करा. पाठीमागे वाकसाचे (लाकूड तासायच्या हत्याराचे) उथळ, अनियमित घाव असतील तर ते हाताचं जुनं काम. गोल फिरणाऱ्या करवतीच्या कमानदार रेघा असतील तर तो भाग नंतरचा. किडीची खरी भोकं लाकडाच्या आत वळत जातात. ड्रिलने मारलेली खोटी भोकं सरळ आत जातात आणि टाचणी घातली की कळतं. तुमचा माल वाड्यातलाच आहे, त्यामुळे ही परीक्षा तुम्हाला पुढे काही विकत घेताना जास्त उपयोगी पडेल.

कीड जिवंत आहे का, हे मात्र आत्ताच बघा. प्रत्येक वस्तू काळ्या कागदावर पंधरा दिवस न हलवता ठेवा. कागदावर पिठासारखा ताजा भुसा पडला तर भुंगेऱ्याची अळी आत आहे. सागाच्या गाभ्याला ती सहसा लागत नाही. बाहेरचा पांढरट भाग राहिला असेल तर तिथे लागते, आणि देव्हाऱ्याच्या मागच्या फळ्या बऱ्याचदा सागाच्या नसतातच. उघड्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं द्रावण ब्रशने देता येतं. रंग किंवा मुलामा असलेल्या भागावर ते लावू नका, तिथे जाणकाराकडून भोकाभोकात औषध सोडून घ्या. जिवंत कीड असलेल्या वस्तूवर दिव्याचं काम सुरू करू नका.

गणेशपट्टीवर शेंदराचे थर असतील, आणि या एका बाबतीत मी फार आग्रही आहे. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. पॉलिशपेपरने तो कोरडा घासला की शिशाची धूळ घरभर उडते, आणि घरात लहान मूल असेल तर ते फार धोक्याचं आहे. सुतार बाल्कनीत मशीन लावून घासायला बसला तर त्याला थांबवा. शेंदूर मुळात काढायचाच कशाला? कैक दसऱ्यांचे हात त्यात आहेत. मी फक्त त्यावरची काजळी आणि तेलाचं कीट काढतो. आधी मऊ ब्रशने कोरडी धूळ व्हॅक्यूमच्या तोंडाशी ढकलायची. मग काडीला कापूस गुंडाळून तो टर्पेंटाइनमध्ये किंचित ओला करायचा आणि कोपऱ्यात, नाण्याएवढ्या जागेवर फिरवून बघायचा. कापूस काळपट-तपकिरी झाला तर कीट निघतं आहे. केशरी झाला की थांबायचं, कारण शेंदूर निघायला लागला. एका कापसाने एकदाच पुसायचं, तोच कापूस दुसरीकडे फिरवला की घाण पसरते. खिडक्या उघड्या, हातमोजे आणि मास्क घातलेले, जवळपास निरांजन नाही. एवढ्याशा पट्टीला दोन-तीन दुपारी सहज जातात.

कॉस्टिक का नको, तेही सांगतो. कॉस्टिक सोडा रंगाबरोबर लाकडाचे तंतू खातो, सागाचं नैसर्गिक तेल काढून टाकतो आणि सरसाने (जुन्या पद्धतीच्या गोंदाने) जोडलेले सांधे सोडवतो. कोरीव कामाच्या ज्या बारीक धारेवर सावली पडायला हवी, तीच धार बोथट होते. शिवाय आत मुरलेला क्षार पुढे पांढरा फुटून वर येतो आणि नवं पॉलिश सोलून निघतं. पीयू किंवा मेलामाइनचं चकचकीत पॉलिश दिव्याच्या कामासाठी आणखी वाईट, कारण प्रकाश पडला की कोरीव कामाऐवजी बल्बचे ठिपके चमकताना दिसतात. सैल रंग असेल तर तो आधी पक्का करून घ्या. लाकूड उघडं असेल तर टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेलं मधमाशांचं मेण पातळ लावून सुती कापडाने चोळा. जवसाचं तेल वापरलंत तर त्याच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

लाकूड आणि आग हा विषय पुण्याला शिकवायला नको. शनिवारवाडा १८२८ साली जळाला, बुधवारवाडा १८७९ साली. वर्षानुवर्षं तेल आणि काजळी प्यालेला देव्हारा कोऱ्या लाकडापेक्षा लवकर पेटतो. जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब विजेतला बहुतेक भाग उष्णतेत घालवतो. तसला बल्ब महिरपीच्या आत बसवला की लाकूड आधी सुकतं, मग तडकतं, मग हळूहळू करपतं. म्हणून एलईडीच वापरा. पण एलईडी गरम होत नाही, हा समज सोडून द्या. त्याची उष्णता पुढे न येता मागच्या बाजूला साठते. एलईडीची पट्टी थेट लाकडावर चिकटवली तर ती उष्णता लाकडात जाते आणि एलईडीचं आयुष्यही कमी होतं. ॲल्युमिनियमच्या चॅनेलमध्ये बसवा, वर दुधी झाकण घ्या आणि चॅनेल लाकडापासून निदान एक सेंटिमीटर सुटा ठेवा.

लाकडावर किंवा लाकडाच्या आत २३० व्होल्ट कधीही नेऊ नका. १२ किंवा २४ व्होल्टचा ड्रायव्हर (मेन्सचा दाब उतरवून एलईडीला वीज देणारी डबी) भिंतीतल्या हवा खेळत्या बॉक्समध्ये किंवा फर्निचरच्या मागे ठेवा आणि तिथून पुढे फक्त कमी दाबाची बारीक वायर येऊ द्या. याचा फायदा नुसता सुरक्षेचा नाही. तीन वॅटच्या दिव्याला १२ व्होल्टवर पाव अँपियर लागतो, त्यासाठीची दोन बारीक तारांची वायर खिळ्याच्या जुन्या भोकातून सहज जाते, आणि म्हणून नवं भोक पाडावं लागत नाही. धातूचा स्टँड असेल आणि दिवा थेट मेन्सवर असेल तर तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंग हवंच. घरात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर या निमित्ताने बसवून घ्या. आणि मंद करायचा दिवा हवा असेल तर डिमिंगचाच ड्रायव्हर मागा, साध्या ड्रायव्हरला डिमर जोडला की दिवा फडफडतो.

प्रकाशाचा रंग २७०० केल्व्हिन घ्या. पांढरा प्रकाश सागाला राखेसारखा करतो. सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा आकडा, ९० च्या वर असू द्या, कारण स्वस्त एलईडीत तांबड्या रंगाचा भाग कमी असतो आणि नेमके शेंदूर आणि साग त्या तांबड्यावरच जिवंत दिसतात. दुकानात हस्त नेता येत नाही, पण सागाची एक लहान फळी खिशात नेता येते. दोन दिव्यांखाली धरून बघा, फरक दिसेल.

गणेशपट्टी मी नव्या घराच्या मुख्य दारावर, आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला, पूर्वीच्याच उंचीवर बसवेन. प्रकाश वरून आणि थोडा पुढून, तिरपा येऊ द्या. खालून दिलेला प्रकाश नाट्यमय वाटतो खरा, पण पोटाची सावली वर चेहऱ्यावर पडते आणि प्रसन्न मूर्ती उग्र दिसायला लागते. अगदी समोरून दिला तर कोरीव काम सपाट होतं, सगळा उठाव पुसला जातो. वरचा चॅनेल भिंतीपासून साधारण वीतभर पुढे ठेवून कोन बदलत बदलत बघा. सोंडेची सावली पोटावर पडते पण डोळे मोकळे राहतात, असा एक कोन सापडतोच. पट्टी भिंतीला चिकटवू नका. पितळी किंवा लोखंडी कोनांच्या आधारावर, मागे फेल्ट लावून, थोडी हालचाल करता येईल अशी ठेवा. पुण्यात मे महिन्याची कोरडी हवा आणि जुलैची दमट हवा यांत सागसुद्धा तंतूंना आडवा हलतो, आणि चारी बाजूंनी आवळलेलं लाकूड मधूनच फाटतं. ॲराल्डाइटने किंवा फेविकॉलने केलेली दुरुस्ती त्याच कारणासाठी टाळा. सरस कोमट पाण्याने सुटतो, ॲराल्डाइट लाकूड घेऊनच सुटतं.

हस्तांमध्ये खरी मजा आहे. दोन हस्त म्हणजे दिवाणखान्याच्या दोन बाजूंना दोन भिंतदिवे. हस्ताच्या मागे खांबात शिरणारी कूस शाबूत असेल तर तिच्या मापाचा लोखंडी खोबणा करून घ्या, तो भिंतीत पक्का करा आणि हस्त नुसता त्यात सरकवा. लाकडाला एकही स्क्रू लागत नाही. वरच्या सपाट बाजूवर, जिथे पूर्वी तुळई टेकायची, तिथे पातळ ॲल्युमिनियमचा चॅनेल ठेवला की प्रकाश छताकडे जातो, छतावरून मऊ होऊन परत येतो आणि पोपटाची आकृती कडेकडेने उजळते. इंटिरियरवाले हस्ताच्या टोकाला काचेची हंडी टांगायला सुचवतील. दिसायला छान, पण हंडीचं वजन टोकावर येतं आणि हस्त तो भार टोकाला घ्यायला घडवलेलाच नाही. हंडी हवीच असेल तर तिची साखळी वर छताला बांधा.

हे ठरवण्याआधी बाजीराव रस्त्यावर विश्रामबागवाड्यासमोर एकदा उभं राहा आणि वरच्या सज्जाचे सुरूदार (सुरूच्या झाडाच्या आकाराचे) खांब आणि त्यांवरचे हस्त मान वर करून बघा. ते डोक्याच्या बरेच वर असतात आणि खालून बघण्यासाठीच कोरलेले असतात. तुमच्या फ्लॅटची उंची नऊ-साडेनऊ फूट असेल. हस्त डोळ्यांच्या पातळीवर लावला तर तो चुकीच्या बाजूने दिसतो, म्हणून छताच्या जितका जवळ नेता येईल तितका न्या. तिथूनच राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. दिव्यांचा तसा संग्रह पुन्हा बघायला मिळणं कठीण, शिवाय वाड्यांची कोरीव दारं-खिडक्याही तिथे आहेत. आपल्याकडे ज्योत कुठे ठेवायचे, किती उंचीवर टांगायचे, प्रकाश कोणत्या बाजूला सोडायचे, हे त्या लामणदिव्यांकडून शिकायला मिळतं.

देव्हाऱ्याचा लॅम्प करू नका, त्याला नुसता उजळा. मोडलेलं शिखर नवं कोरून बसवायची घाई करू नका. तुकडे असतील तर सरसाने जोडा, नसतील तर तसंच राहू द्या. महिरपीच्या मागच्या कडेला, समोरून दिसणार नाही असा बारीक चॅनेल टेकवा. मागची फळी उजळली की महिरपीची नक्षी काळी, कातरलेली दिसते आणि खांबांच्या कडा सोनेरी होतात. गाभ्याच्या मधोमध बल्ब लावायचा मोह होईल, तो टाळा. जिथे देव बसायचे तिथे होल्डर बघणं सासूबाईंनाच काय, मलाही नको वाटतं. ती जागा मोकळी ठेवा.

मेणबत्तीदाणीचं सगळ्यात सोपं आहे, कारण ती उजेडासाठीच जन्मली आहे. युरोपात आणि आपल्याकडे गोवा-वसईकडच्या चर्चमध्ये अशा वस्तूंवर खडू किंवा जिप्सम आणि सरस यांचा पांढरा थर, त्यावर तांबडी माती आणि त्यावर सोन्याचा वर्ख असा क्रम असतो. झिजलेल्या कडेला भिंगातून बघा, सोन्याखाली तांबडं आणि त्याखाली पांढरं दिसेल. सोन्याचा वर्ख काळवंडत नाही. खळग्यांत हिरवट-तपकिरी झाला असेल तर ती नंतर मारलेली पितळी पावडर. दोन्हीपैकी काहीही असो, ओलं फडकं लावायचं नाही, कारण सरस पाण्याने विरघळतो आणि सोनं फडक्यावर येतं. मऊ ब्रश, एवढंच. वर मेणबत्ती खोचायचा लोखंडी खिळा असेल. तो काढून मधून वायर नेण्याची पद्धत परदेशी बाजारात सर्रास चालते आणि त्यात असंख्य जुन्या दाण्या कायमच्या पोकळ झाल्या आहेत. त्याऐवजी खिळ्यावर बसेल अशी पितळी टोपी करून घ्या आणि तिच्यावर चार्जिंगची एलईडी मेणबत्ती ठेवा. वायर नाही, भोक नाही. मोठी शेड लावू नका, दाणी वरून जड होऊन पडते.

वाडा अजून पूर्ण उतरवला नसेल तर एक काम आजच करा. उरलेल्या हस्तांचे, तुळयांचे आणि चौकटींचे जागेवर असतानाचे फोटो काढा, प्रत्येकाला खडूने क्रमांक द्या आणि ठेकेदाराला पहार लावून उचकटू नको म्हणून बजावा. जुने सांधे लाकडी खुंट्यांचे असतात. खुंटी मागच्या बाजूने हलकेच ठोकली की बाहेर येते आणि हस्त अख्खा सुटतो. पहारेने ओढला की नेमकी कूस तुटते, आणि ती तुटली तर वर सांगितलेला खोबणा करता येत नाही, मग पर्यायी आधार शोधावा लागतो. तुमच्या दोन हस्तांच्या कुसा शाबूत आहेत का, ते कळवा. त्यांचे आणि गणेशपट्टीच्या मागच्या बाजूचे फोटो दिवसाच्या उजेडात, बाजूला मोजपट्टी ठेवून काढलेत, तर खोबण्याचं माप आणि चॅनेलची लांबी मी सांगू शकेन.